डबा ठेवलाय

ग्दिन्यात, बंदराच्या वरच्या चढावर,
बाबांचं दुकान एक मीटर नव्वद रुंद.
मी मोजलंय. दोन माणसं आत आली
की तिसऱ्याने श्वास बाहेर ठेवून यायचा.
भिंतीवर सातशेच्या वर कोऱ्या किल्ल्या,
दात न फुटलेल्या.

नकाशावर मात्र दुकान नव्हतं.
म्हणजे होतं, पण खोल.
'जवळचा कुलूपवाला' विचारलं
की आधी पिवळ्या गाड्यांची कंपनी,
मग पलीकडच्या गावातले तिघे,
मग तिजोऱ्यांचं एक गोदाम, जे बंद पडून वर्ष झालं,
आणि मग, बोट दुखेस्तोवर सरकवल्यावर,
आम्ही.
त्या गोदामापासून चाळीस पावलांवर.

बाबा म्हणायचे, कुलूप उघडलं, काम संपलं.
त्यावर बोलायचं काय?
बोलणाऱ्याचे कुळीथ खपतात;
यांचे गहू अकरा वर्षं पोत्यात.

एकतीस अभिप्राय. एकालाही उत्तर नाही.
'हात चांगला, तोंडात बोळा.' चार तारे.
'आजोबांच्या पेटीची किल्ली करून दिली, पैसे घेतले नाहीत.' पाच.
प्रत्येकाखाली पांढरी मोकळी जागा,
फोन वाजतोय आणि घरात असून कुणी उचलत नाही, तशी.
आणि सगळ्यात वर, ठाण मांडून, एकच तारा:
ओतिलिया वॉयतास. 'रात्री दोन तास उशिरा आला.
शब्द बोलला नाही. दाराला चरा पाडला.'

ती रात्र मला माहीत आहे.
रेडुओवोच्या इस्पितळातून बाबा थेट तिच्या दाराशी गेले होते,
एका हातात हत्यारांची पेटी,
दुसऱ्या हातात पिशवीत आईचे बूट.
मी म्हटलं, हे लिहूया.
म्हणाले, त्यात तिच्या दाराचा काय संबंध?

मी समजावलं: उत्तर दिलं
की दुकान जागं आहे हे माणसांना कळतं,
नकाशालाही कळतं म्हणे.
किती कळतं, देव जाणे.
पिवळ्या कंपनीने दोनशे जणांना
'आपल्या अमूल्य अभिप्रायाबद्दल आभारी आहोत' दिलंय,
शिव्या घालणाऱ्यालाही तेच.

नोव्हेंबरभर, शटर ओढल्यावर,
ते सांगायचे, मी टाइप करायचे.
किल्लीला त्यांना चार मिनिटं लागतात,
उत्तराला पाऊण तास.
'पेटी उघडते ना? ग्रीस नको, मेण लावा.'
'तुमचा कुत्रा चावला नव्हता, नुसता धरून होता. बरा आहे?'
'बोळा नव्हे, तोंडात स्क्रू होते.'

ओतिलियाबाईंचं शेवटी राहिलं.
तीन संध्याकाळी त्यातच गेल्या.
कोट चढवता चढवता बाबा म्हणाले, लिही:
'उशीर झाला. चरा माझाच.
दार गडद हिरवं होतं. त्याच आठवड्यात रंग आणला,
यायचं धाडस झालं नाही. डबा ठेवलाय.'

हे मलाही माहीत नव्हतं.
फडताळात, गंजल्या कड्यांच्या मागे,
खरंच डबा होता.

जानेवारीत आम्ही सहावे. मार्चमध्ये तिसरे.
उत्तरांमुळे? की ते गोदाम
अखेर कुणी नकाशावरून पुसलं म्हणून?
की पिवळ्यांनी रात्रीचे दर वाढवले म्हणून?
मी वहीत हिशोब मांडला, जुळला नाही.
पण फोन वाजतो आता, आणि माणसं
कुलपाआधी म्हणतात,
'ते कुत्र्याचं वाचलं.'

ओतिलियाबाईंनी तारा वाढवला नाही.
एप्रिलमध्ये आपल्याच तक्रारीखाली
एक ओळ जोडली फक्त:
'दार आता निळं आहे.'

बाबांनी तीनदा वाचलं.
मग पेचकसने डब्याचं झाकण उचकटलं.
वर जाड साय. खाली हिरवा,
अजून ओला.
बराच वेळ बघत राहिले.
'निळं म्हणजे कसलं, विचार तिला,'
म्हणाले, 'सकाळच्या पाण्याचं
की खलाशाच्या कोटाचं?'