टिचकी

तुर्भे स्टोअरच्या मागे, मुकादमच्या दुकानात
चाकं भिंतीला टांगलेली असतात
लग्नघरात घासून ठेवलेल्या परातींसारखी.
तेजेश म्हणाला, आत्या, तू नुसती बघ.
आणि मग स्वतःच बघत राहिला.

सोळा इंची, पाच दांड्यांची, काळी,
कडेला चांदीची रेघ. चोवीस हजारांत चार.
तीच, डिट्टो तीच, कंपनीची घ्यायची
तर बहात्तर, आणि तीन आठवडे थांबा.

मुकादम सरळ माणूस.
ताई, ही नक्कल आहे, म्हणाला,
मी अस्सल सांगून विकत नाही.
पण घणसोलीत कुणाला कळणार, तुम्हीच सांगा.

घणसोलीला नाही कळणार.
कळेल ते महापेच्या पुलाखालच्या खड्ड्याला.

मी चाक उलटं केलं.
लोक समोरून बघतात,
मी बावीस वर्षं मागून पाहिलं,
रबाळ्याच्या फाउंड्रीत, एक्स-रेच्या खोलीत,
दिवा मालवून, फिल्म उजेडावर धरून.
धातूच्या पोटात हवा अडकते
तिचे मोहरीएवढे काळे ठिपके.
तीनपर्यंत पास.
चौथा दिसला की माल परत भट्टीत.

इथे मागे काहीच नव्हतं.
किती किलो पेलेल, कोणत्या पाळीत ओतलं, तारीख,
काही नाही. गुळगुळीत.
शाळा सोडल्याचा दाखला हरवलेल्या पोरासारखं.
पुढे मात्र मधोमध कंपनीचं चिन्ह,
आरशासारखं चकचकीत.

आई माठ घ्यायची तेव्हा
कुंभार काय बोलतो ते ऐकायची नाही,
टिचकी मारायची आणि माठाचं ऐकायची.
मी पाना उचलून हलकेच टिचकी दिली.
वाजलं नाही असं नाही.
लवकर विझलं.

अजून एक सेट आहे, मुकादम म्हणाला
आणि गोणपाटाखालून ओढून काढला.
अस्सल. कडा फुटपाथला घासलेल्या. चौतीस हजार.
मागे आकडे, तारीख, पाळीचं अक्षर, सगळं जागच्या जागी.
मधली टोपणं तेवढी गायब.
गाडी कुठली?
गाडी गेली ताई. चाकं राहिली.
आणि गाडीतली माणसं,
हे तेजेशने विचारलं नाही. मीही नाही.

खरं सांगू? अस्सलवरसुद्धा माझा आंधळा भरवसा नाही.
एका मार्चच्या तीस तारखेला
टेम्पो फाटकात उभा होता, साहेब दारात उभे होते,
मी चौथा ठिपका पाहिला,
डोळे चोळले,
फिल्मवरची धूळ असेल म्हटलं
आणि सही केली.
ते चाक कुठेतरी फिरत असेल.
नाशकात, नाहीतर पार कोचीत.
काही झालं नसेल.
बहुतेक काहीच झालं नसेल.
पण त्याच्या कागदावर माझं नाव आहे,
झालंच काही, तर माझ्या दारापर्यंत येता येईल.
या काळ्याला कुणाचंच दार नाही.

एवढाच फरक,
आणि वरचे दहा हजार. ते मी दिले.

तेजेशचा चेहरा तरी उतरलेलाच.
मधोमध भोकं, आत्या. पोरं हसतील.
तेव्हा मुकादमने नकलेच्या खोक्यातून
चार टोपणं काढली, अंगठ्याने दाबली,
टक्, टक्, टक्, आणि चौथं जरा जोरात.
इतकी चपखल बसली
की मला उगाच राग आला.

परतताना ठाणे-बेलापूर रस्त्यावर
सिग्नल लागला की तो
शोरूमच्या काचेत आपली गाडी बघून घ्यायचा.
मी एसी बंद करायला लावला,
काच खाली केली,
आणि घणसोली येईपर्यंत
एकेका खड्ड्याला कान लावून बसले.