सहीचा रकाना

महिन्याचे पहिले तीन कामाचे दिवस.
त्या तीन दिवसांत येऊन सही केली नाही
तर त्या महिन्याची शिष्यवृत्ती नाही.
नियम माझा नाही. खिडकी माझी,
कितामीच्या विद्यापीठात, दुसऱ्या मजल्यावर, हीटरशेजारची.

सही म्हणजे काय, तर माणूस अजून इथंच आहे,
कंटाळून परत गेला नाही,
संशोधन करतोय,
हे सगळं एका रेघेत.
उझबेकिस्तानचा इल्होम सही करतो ती पावती फाडल्यासारखी.
लाओसचा बुनथावी दोन्ही हातांनी पेन घेतो,
दोन्ही हातांनी परत देतो.
आणि ती, मादागास्करची,
वुआहांगी रात्सिंबाझाफिमाहेफा.
पहिल्याच महिन्यात तिचं आडनाव चौकटीबाहेर पडलं,
शेजारच्या तारखेच्या अंगावर गेलं.
"पुन्हा लिहा," मी म्हटलं, "रकान्यात."
तिनं अक्षरं मुंगीएवढी केली.
तरी 'हेफा' उरलंच.

वुआहांगी म्हणजे पोवळं, तिनंच सांगितलं.
पोवळं आलं होतं उणे वीसच्या गावात
गोठलेल्या मातीचा अभ्यास करायला.
तिच्या किनाऱ्यावर बर्फ असतो तो फक्त मासळीच्या पेटीत.

पाणी नुसतं गोठत नाही, ती म्हणाली,
गोठता गोठता खालचं पाणी वर ओढून घेतं,
मातीत बर्फाचा एक पापुद्रा घालतं,
त्याखाली दुसरा, तिसरा,
आणि वरची जमीन उचलली जाते.
दिसत नाही. मिलिमीटर मिलिमीटरनं.
"तुमच्या दारातली पायरी बघा फेब्रुवारीत."
बघितली.
तेवीस वर्षं तिथं ठेचकाळत होते
आणि गवंड्याला बोल लावत होते.

पैसे कुठं जातात हे विचारायचा मला अधिकार नाही.
पण बँकेचा अर्ज ती माझ्याच पेननं भरायची:
भावाची फी, वादळात उडालेलं छप्पर, पुन्हा भावाची फी.
उरलेल्यात भात, अंडी
आणि एकच चैन, लोकरीचे जाड मोजे.

एकदा ती मोजमापाला वाक्कानाईकडे गेली, बस हिमवादळात अडकली.
तिसरा दिवस. खिडकी सव्वापाचला बंद होते.
मी टोक असलेल्या पेन्सिलीला टोक करत बसले.
पाच एकतीसला आली, पापण्यांवर बर्फ घेऊन.
तारखेचा रकाना असतो.
वेळेचा नसतो.

तिसऱ्या वर्षी तोक्योहून मुदतवाढीचं उत्तर आलं:
'यावेळी शक्य झालं नाही.'
यावेळी. जणू पुढची वेळ असते.

एप्रिलच्या एक तारखेला तरी ती आली.
टोपी काढली, पेन उचलला,
यादीवरून बोट फिरवत खाली गेली,
परत वर.
माहीत दोघींनाही होतं.
"सवयीनं आले," म्हणाली.
पेनला टोपण लावून जागच्या जागी ठेवला.

मग रात्री कांद्याच्या गोदामात.
मोठे इकडे, नासके तिकडे.
दिवसा प्रयोगशाळा.
जिन्यात भेटली तर आधी वास यायचा, मग ती.
"डोळ्यांत पाणी नाही का येत?"
मी विचारलं, मूर्खासारखं.
"येतं की," ती म्हणाली, "तेवढीच सोय."

सप्टेंबरात प्रबंध मान्य झाला.
शिष्यवृत्ती संपून सहा महिने झाले होते,
तेव्हा यशस्वी विद्यार्थ्यांच्या तक्त्यात
तिला आपली म्हणून धरायची का,
यावर वरच्या मजल्यावर बैठक झाली.
धरली.

आज ऑक्टोबरची नवी वही आखायला घेतली.
यादीत श्रीलंकेचं एक नाव आहे,
वाचतानाच मला दोनदा श्वास घ्यावा लागला.
नियमांची फाईल काढून बघितली.
शाई काळी, सही स्वतःची, दिवस तीन,
सगळं लिहिलंय.
रकाना किती रुंद, ते कुठंच नाही.

फूटपट्टी घेतली.
आठ मिलिमीटर.