बिनबोभाट

गोलंजी टेकडीच्या पायथ्याशी, परळमध्ये,
आमचा खड्डा नऊ मीटरवर येऊन अडला.
खाली काळा पत्थर. सलग. एकही सांधा नाही.
शेजारी डोळ्यांचं इस्पितळ.
तिथल्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं :
आठ ते दोन माझा हात कुणाच्या तरी बुबुळावर असतो,
तुमचा ब्रेकर थरथरला तर मीही थरथरेन.
सुरुंगाचं तर नावच नको.

म्हणून ही पावडर.
पाच किलोची पिशवी, दिसायला सिमेंट,
मूळचा चुनाच, भट्टीत जास्त भाजलेला.
स्टोअरवाला कुलाल म्हणाला,
‘घ्या, कंपनीनं चुना लावला.’

मोईनुद्दीननं एकोणीस भोकं पाडली,
फुटाफुटावर, मक्याच्या कणसाएवढी रुंद.
रांग सरळ यावी म्हणून सुतळी ताणली.

पिशवीवर तापमान लिहिलेलं असतं.
आमच्याकडे आली ती थंडीतली.
महिना मे. संध्याकाळीही खडकावर हात ठेववत नव्हता.
बदलून मागवायची तर चार दिवस.
मी भाऊच्या धक्क्यावरून बर्फाच्या दोन लाद्या आणल्या,
टेम्पोभर पापलेटचा वास,
खडकावर ओलं गोणपाट टाकलं
आणि रात्री अकराला कालवायला घेतलं :
पिशवीला दीड लिटर, थेंब जास्त नाही,
गुठळी राहू द्यायची नाही,
दहा मिनिटांच्या आत ओतायचं
आणि ओतलं की मागे फिरायचं.
वाकून बघायचं नाही. कधीच.
हे मी सगळ्यांकडून तीनदा म्हणून घेतलं.
त्या इस्पितळाशेजारी डोळा घालवणं बरं दिसलं नसतं.

तिम्मण्णा माझा बाप. इथेच रातपाळीचा वॉचमन.
चांदिवलीच्या खाणीत बावीस वर्षं
वात पेटवून पळाला.
डावा कान ठार गेला,
उजव्यात माशी अडकल्यासारखी गुणगुण.
मी ओरडून सांगितलं, अण्णा, यात आवाज नाही.
तो म्हणाला, मग मला काय फरक?

बऱ्याच वेळानं, विडी विझवून,
न विचारताच बोलला :
माझा आजा बाभळीची पाचर ठोकायचा,
वर पाणी ओतून जेवायला जायचा.
रात्रभर लाकूड फुगायचं.
सकाळी पाट्याचा दगड मोकळा.
तुम्ही पिशवीवर नाव छापलंत, एवढंच.

एक वाजला. दोन.
काहीच होत नाही हे बघत बसणं
डिप्लोमात शिकवलं नव्हतं.

साडेतीनला अण्णा रांगेपासून लांब,
चपला काढून, खडकावर तळवा टेकून बसला.
‘आला,’ म्हणाला.
मला काही ऐकू आलं नाही.
टॉर्च मारला : सहाव्या-सातव्या भोकांमध्ये
केसाएवढी रेघ,
मग आठव्याकडे,
मग तिला सुतळी पटेना,
डावीकडे वळून पायरीपायरीनं गेली.
पाचला तीत रुपया उभा राहिला.
सातला माझी करंगळी.

मधे अकरावं भोक थुंकलं.
फस्स् झालं, गोणपाट हातभर उडालं,
आणि गरम पांढरा भुगा
मोईनुद्दीनच्या पाण्याच्या बाटलीवर.
तो तेवढ्यात लघवीला उठला होता.
पिशवीवरचं तापमान मी वहीत लिहिलं नाही.
अजून लिहिलेलं नाही.

पावणेआठला वरच्या खिडकीतून सिस्टर रेमेडिओस :
‘आज सुरू कधी करणार? बाई विचारतायत.’
तिच्या मागे पट्टी बांधलेले दोघं,
माझ्या दिशेनं तोंड करून, थोडे चुकीच्या जागी.
‘दोननंतर,’ मी म्हणालो. सवयीनं.
खाली रांगेच्या दुसऱ्या टोकाला
अण्णानं फटीत पहार घालून नुसतं अंग टेकलं होतं
आणि म्हशीएवढा पत्थर
बोटभर सरकला होता.

‘काय म्हणते?’ त्यानं हातानंच विचारलं.
मी दोन बोटं दाखवली.
त्यानं पहार तशीच ठेवली
आणि खिशात विडी शोधू लागला.