राव रे

कायतान स्विंडनला गेला
तेव्हा त्याची खुर्ची, त्याचं मशीन
आणि कप्प्यातला दोदोलचा अर्धा तुकडा
माझ्या वाट्याला आला.

म्हापशात, हार्डवेअरच्या दुकानावरचं ऑफिस.
खालून दिवसभर पत्रा कापल्याचा आवाज.
टर्मिनल उघडलं:
काळ्यावर हिरवी अक्षरं, इतकी बारीक
की तांदळातले खडे निवडावेत तशी ओळ वाचायची.
कायतान सत्तावीस वर्षांचा.
मला गेल्या चतुर्थीत चाळिशी लागली.

अक्षर मोठं केलं. चौदा.
मग सोळा.
मग आजूबाजूला बघून, अठरा.
शून्याच्या पोटात तिरकी रेघ असलेला फॉन्ट घेतला,
कारण मार्चमध्ये एका शून्याला मी ओ समजले
आणि वेर्ण्याच्या गोदामातल्या सातशे पेट्या
दोन दिवस कुठल्याच गावाला जात नव्हत्या.

काळं काढलं. पांढरं लावलं, तर डोळ्यांत चुना.
शेवटी एक मळकट निळा सापडला,
फेरीबोटीत आतल्या बाजूला फासतात तसला,
कुणी मुद्दाम निवडला नसेल असा.
चुकीच्या ओळींचा लाल खाली आणला,
सुकलेल्या चिऱ्याइतका.
ओरडायचं कशाला,
चुकलं ते मलाही दिसतं.
घंटी बंद केली.
लुकलुकणारा कर्सर स्थिर केला,
तो सारखा घड्याळ बघणाऱ्या पाहुण्यासारखा वाटे.

मग हौस आली: ओळीच्या सुरुवातीला माझं नाव हवं.
सुलक्षा.
मशीनने लिहिलं: सुलक् षा.
क आणि ष शेजारी उभे,
बोलणं बंद असलेल्या जावांसारखे.
चार फॉन्ट बदलले. एकात काना पुढच्या घरात गेला.
जेवणाची वेळ टळली.
नाव काढून टाकलं, नुसतं एक टोकदार चिन्ह ठेवलं.
मी कोण ते मला ठाऊक आहे,
कुठल्या फोल्डरात आहे तेवढं सांग.

हे सगळं लिहायचं त्या फाईलमध्ये,
जिच्या नावाआधी टिंब असतं
आणि म्हणून जी यादीत दिसत नाही.
तिथे कायतान बसलेला.
रोमी कोंकणीत, लांबलचक आज्ञांना त्याने दिलेली टोपणनावं:
यो लिहिलं की सर्व्हरवरचं सगळं इकडे येतं,
वच लिहिलं की इथलं तिकडे जातं.
एका ओळीपुढे शेरा: हें काडूं नाका, कित्याक तें विसरलों.
मी काढली. काही बिघडलं नाही.
परत घातली.

फाईल पुसायची आज्ञा तर त्याने अडवूनच ठेवलेली.
आधी पडद्यावर प्रश्न येतो:
राव रे, खरेंच?
थांब रे, खरंच?
स्वतःलाच विचारलेलं.
रात्री कधी एकटा असताना
काय पुसलं होतं याने, कुणाला माहीत.
व्हिसाच्या दिवसांत तो वाटेल तेव्हा ऑफिसात यायचा,
काम नसताना टाईप करत बसायचा,
आणि आम्ही म्हणायचो, किती मेहनती.

परवा त्याचा फोन आला.
थंडी, भाडं, भावाच्या पोराचं बारसं नव्हे, बाप्तिस्मा.
मग म्हणाला, हिरवी अक्षरं आसात मगो?
आसात, मी म्हटलं.
निळ्या पडद्याकडे बघत.

फोन ठेवल्यावर त्या ओळीवर गेले.
रोमीत रे लिहायला आर लागतो, गे लिहायला जी.
एक बटण खोडलं, एक दाबलं.
जपून ठेवलं.
मुद्दाम एक रिकामी फाईल बनवली, पुसायला घेतली.

राव गे, खरेंच?

खाली पत्रा कापणारा जेवायला गेला होता.
मी बराच वेळ हो किंवा नाही
काहीच दाबलं नाही.