हातानं एक फेरा

मुहर्रकला, सायकलवाल्याच्या मागच्या गाळ्यात
मुनाफ हमदुलेंनी प्रोजेक्टर उघडला तेव्हा
आतून आधी वाळू सांडली,
मग वाळलेलं झुरळ,
मग एक अर्धं तिकीट, अरबी आकड्यांचं.

मी एसीवाला. मला नुसतं धरायला बोलावलेलं,
हे धूड टेबलावर चढवायला.
चढवलं, आणि घरी जायचं राहूनच गेलं.

"छावणीतला आहे," चाचा म्हणाले, "तेल कंपनीच्या.
उघड्यावर चालायचा. हवेत खार.
बघ, पितळ हिरवं नि लोखंड तांबडं,
आमच्या दाभोळच्या होडीसारखं."

स्प्रॉकेटचे दात गळासारखे वाकलेले.
अशा दातांनी फिल्म ओढली जात नाही,
चावली जाते.
चाचांनी तो काढला, रॉकेलमध्ये बुडवला,
आणि उलटा करून बसवला,
झिजलेली बाजू मागे.
मग स्वतःची कवळी काढून
बोळक्या तोंडानं हसून दाखवलं.

तेल मिळेना.
इथे, जमिनीखाली समुद्रभर तेल असलेल्या या मुलखात,
आम्ही दोघं चार थेंबांसाठी तीन बाजार फिरलो.
गाडीचं चालत नाही, फार जाड.
खाण्याचं तर हरामच यंत्राला.
शेवटी कुंजुमोन शिंप्यानं
शिलाई मशीनची बाटली दिली,
वर म्हणाला, परत आणा, ईदच्या ऑर्डरी आहेत.

माल्टा क्रॉस ही त्याची नाडी.
पिन एक पुरा फेरा मारते तेव्हा
क्रॉस पाव फेरा सरकतो,
बाकी वेळ नुसता उभा.
"उभा असतो तेव्हा चित्र दिसतं," चाचा म्हणाले,
"सरकतो तो अंधारात, पातं आडवं आल्यावर.
लोक तिकीट काढून निम्मा वेळ काळोख बघतात
आणि म्हणतात, काय धावला घोडा!"
चाचांना इथे एकेचाळीस वर्षं.
दोन वर्षं उभं, दोन महिने सुट्टी.
मी मनात हिशोब घालायला घेतला,
त्यांनी चार नंबरचा पाना मागितला.

मालक आला, अबू फहद, अत्तराच्या ढगासकट.
"चालायला नको," म्हणाला, "चमकायला हवा.
हॉटेलच्या लॉबीत ठेवायचाय."
चाचा "जी" म्हणाले
आणि तो गेल्यावर
पुन्हा क्रॉसची पोकळी मोजत बसले,
कागदाची पट्टी घालून, श्वास धरून.

गेटच्या स्प्रिंगमागे अकरा चौकटींचा तुकडा अडकला होता.
अर्ध्या सेकंदाचाही नाही.
दिवा नव्हता, म्हणून मी मोबाइलचा टॉर्च धरला.
चाचांनी मूठ हातानं फिरवली.
खट्. समोरच्या भिंतीवर, कॅलेंडरच्या बाजूला,
एक बाई, पाठमोरी, दारात.
खट्. खांदा हलला.
खट्. खट्. कानातलं चमकलं.
अकराव्या खट्ला गाल दिसायला लागला
आणि भिंत कोरी.
आम्ही परत सुरुवातीला नेलं.
किती वेळा ते सांगणार नाही.
एकदा चाचा म्हणाले, "आता बघंल,"
आणि मी मान पुढे केली.

आता तो लॉबीत आहे, दोरीच्या कठड्यात,
निकेलचं पॉलिश, खाली पाटी.
लोक त्याच्याबरोबर फोटो काढतात.
तुकडा चाचांच्या पाकिटात,
सुनेच्या फोटोशेजारी.

दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, पहाटेच्या नमाजानंतर,
ते इस्त्रीचा शर्ट घालून तिथे जातात.
दारावरचा तामांग बघून न बघितल्यासारखं करतो.
चाचा कठड्यावरून हात घालतात,
मूठ एक फेरा फिरवतात,
जेणेकरून तेल जागच्या जागी गोठू नये.
गेल्या महिन्यात त्यांचा गुडघा धरला होता.
मी गेलो.
खट्.