गुडघ्यामागची खळी

उइसोंगला दर पाचव्या दिवशी बाजार.
त्या दिवशी पहिली बस आमच्याच दारात रिकामी होते म्हणा ना,
म्हाताऱ्या आधी कंबर दाखवतात, मग मासे घेतात.

मी इथे सुया मोजते.
टोचताना प्यो डॉक्टर मोजतात, काढताना मी,
दोन्ही आकडे जुळल्याशिवाय
कुणाला उठू द्यायचं नाही, हा नियम.

जॉम्ने आजी आल्या त्या बुडाला उशी बांधूनच,
गोल, फोमची, लाल पट्ट्याची,
लसणाच्या रानात बसल्या बसल्या सरकायला
सगळ्याच बांधतात ती.
कंबर कसणं म्हणतात ते हेच असावं.
"सोडायला हात मागे जाईना गं."
बक्कल मी काढलं. मातीने घट्ट झालं होतं.

मुलाने तेगूहून फिल्म पाठवलेली, पिवळ्या पाकिटात.
डॉक्टरांनी ती खिडकीच्या उजेडात धरली.
चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी दबलेली.
"हे खरं आहे," म्हणाले,
फिल्म जपून पाकिटात घातली
आणि तीन बोटं मनगटावर ठेवली.

कधीपासून?
मंगळवारपासून. जुडी उचलली, उसण भरली.
बोटं हलली नाहीत.
त्याआधी?
त्याआधी कुठे काय.
पाय गार पडतात? रात्री किती वेळा उठता?
तीनदा. पण ती सवयच आहे हो,
दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागे ना.
सहा वर्षं.
डावीकडूनच धरायची मी, पलीकडे भिंत होती.

कोणाला, ते डॉक्टरांनी विचारलं नाही.
दाल्सू सुटला त्याला तीन हिवाळे झाले,
गावात सगळ्यांना ठाऊक.
"मग आता कशाला उठता?"
आजी स्वतःच्याच मनगटाकडे बघत राहिल्या.
"जाग येते. हात आपला जातो पलीकडे."

मूत्रपिंडाचं घर म्हणजे कंबर, डॉक्टर म्हणाले,
घर थकलं की गारठा आधी तिथे शिरतो.
हे वाक्य मी रोज ऐकते,
सुकचा पाला चुरताना, पेले तापवताना,
काढ्याच्या पिशव्यांवर नावं लिहिताना.
त्या दिवशी त्यातला घर हा शब्द ऐकू आला.

पालथं झोपवलं. कमरेत सहा, घोट्यांशी चार,
आणि दोन्ही गुडघ्यांमागच्या खळीत एक-एक.
"दुखतंय वर नि टोचता खाली?"
"पाट तुंबला तर तुम्ही विहिरीपाशी बसून राहता का?"
आजी हसल्या, हसताना कळ आली, तरी हसल्या.
सुकचा धूर चढला, दवण्यासारखा कडवट,
आणि पडद्याआडून घोरणं.

वीस मिनिटांनी मी काढायला घेतल्या.
अकरा निघाल्या.
बारावी कुठे आहे ते मला माहीत होतं,
डाव्या गुडघ्यामागे, कातडीच्या घडीत, धडधडीत दिसत होती.
आजींचा डावा हात पलंगाबाहेर लांब गेला होता
आणि पंजा भिंतीला टेकला होता, उघडा, सैल.
बाहेर मासेवाल्याने ओरडायला सुरुवात केली.
मी पडदा परत ओढला.
आयुष्यात पहिल्यांदा हिशेब चुकू दिला,
दहा मिनिटं.

जाताना डॉक्टर म्हणाले, काढा दोन वेळा, कोमट,
आणि उकिडवं बसणं बंद.
"लसूण काही माझ्या कंबरेएवढा वाढत नाही,
तुम्ही सांगून बघा त्याला."
पाठीवर पेल्यांची वर्तुळं उठलेली,
लाकडी टेबलावर गरम भांडं ठेवल्यावर उठतात तशी.
सदरा खाली ओढून त्यांनी उशी माझ्याकडे दिली.

बरं वाटतंय का?
"अर्धं," म्हणाल्या. "अर्धं राहू दे, सवयीचं आहे."
मग पाठ माझ्याकडे करून उभ्या राहिल्या.
"बांध. पण एक भोक सैल."