अतारांकित प्रश्न क्रमांक ११७

पर्वरीहून आलेला कागद. उत्तराची मुदत गुरुवार.
विचारणार: आमदार फिलिपा मास्कारेन्यश.

(अ) चोडणच्या खाजणाचा बांध फुटला, हे खरे आहे काय?
(आ) असल्यास, कधी, आणि मानशीची दारे कुठे गेली?
(इ) दुरुस्तीवर आजवर खर्च किती?

साहेब म्हणाले, मागचंच उत्तर घे,
तारीख तेवढी बदल.
मागचं: माहिती गोळा करण्यात येत आहे.
त्याच्या मागचं: माहिती गोळा करण्यात येत आहे.
सात अधिवेशनं गोळा होतेय.
एवढ्यात बांध बांधून झाला असता.

मी चोडणचाच. हे फायलीत कुठं नाही.
सकाळी फेरीबोटीतून उतरतो तेव्हा
बुटांना खाऱ्या चिखलाचा पांढरा काठ असतो.
आमच्या कोरगुटाच्या शेतात
भरतीला काळुंद्रं शिरतात,
माझा धाकटा गळ टाकून बसतो.

बाईंना हे ठाऊक आहे.
त्या बांधावर चप्पल हातात घेऊन चालल्यात, मी पाहिलंय.
ठाऊक असलेलंच विचारतात त्या,
सरकारच्या तोंडून हवं असतं, लेखी, सहीनिशी.

(अ) समोर ‘नाही’ टाइप केलं
की (आ) आणि (इ): प्रश्न उद्भवत नाही.
एक शब्द, आणि अख्खा गाव कोरडा.

पंखा फिरतोय. साहेब जेवायला गेलेत.

होय.

ते खोडतील. खोडू देत.
खोडलेला मसुदाही फायलीतच राहतो,
पान बेचाळीस, पेन्सिलीनं आकडा घातलाय.
उद्या कुणी तेही मागेल,
लेखी.